कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातला आयकॉन लपवला म्हणजे प्रोग्राम बंद झाला का? सेवा केंद्रात जाण्याआधी हे समजून घ्या!

कॉम्प्युटर सुरू केला की स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोट्या छोट्या चित्रांची रांग दिसते. वायफाय, आवाज, अँटिव्हायरस, वनड्राइव्ह, व्हॉट्सॲप, कधीतरी इन्स्टॉल केलेलं टोरेंट, प्रिंटरचं काहीतरी. महिन्याभरात ही रांग इतकी वाढते की बघूनच कंटाळा येतो. मग कुणीतरी रील पाठवतं, "असे लपवा नको असलेले आयकॉन, एका मिनिटात!" आपण तसं करतो, कोपरा स्वच्छ होतो आणि आपण निर्धास्त होतो.

पण मंडळी, त्या एका मिनिटात नेमकं काय झालं? प्रोग्राम बंद झाला, की फक्त डोळ्याआड गेला?

उत्तर सोपं आहे: तो फक्त डोळ्याआड गेला. आतमध्ये त्याचं काम पहिल्यासारखंच सुरू आहे.

घरच्या कॉम्प्युटरवर याने फारसं बिघडत नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेक कामं सेवा केंद्राच्या नाहीतर नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवर होतात. सोयाबीन-कपाशीचा पीकविमा, सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, आधारवरून पैसे काढणं, सगळं एकाच मशीनवर. दिवसभरात कितीतरी लोकांचे आधार क्रमांक, पासबुकं आणि ओटीपी त्याच कीबोर्डवरून जातात. अशा मशीनवर न दिसणारं काय काय सुरू आहे, हा प्रश्न आयकॉनच्या सजावटीपुरता राहत नाही, तो थेट तुमच्या बँक खात्याशी येऊन भिडतो.

चला तर मग, आयकॉन कसा लपवायचा इथपासून सुरुवात करू आणि लपलेलं कसं शोधायचं इथपर्यंत जाऊ.

हा कोपरा आहे तरी काय?

बोलीभाषेत आपण त्याला 'सिस्टिम ट्रे' म्हणतो. मायक्रोसॉफ्टचं अधिकृत नाव मात्र 'नोटिफिकेशन एरिया', म्हणजे सूचनांची जागा. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं, तेव्हा स्टार्ट बटण आणि टास्कबारसोबत हा कोपराही आला.

मागची कल्पना चांगली होती. काही प्रोग्राम असे असतात की त्यांची खिडकी सतत समोर नको असते, पण ते चालू राहायला हवे असतात. अँटिव्हायरस घ्या. तुम्ही फॉर्म भरत असता, तो मागे फाइल तपासत असतो. अशा प्रोग्रामने कोपऱ्यात एक छोटं चित्र ठेवावं, गरज पडली की तिथून आवाज द्यावा आणि आपल्यालाही कळावं की हा जागा आहे.

थोडक्यात, आयकॉन म्हणजे दारावरची पाटी. पाटी वाचून आत कोण राहतं ते कळतं. पाटी काढली म्हणून घर रिकामं होत नाही.

आयकॉन लपवायचा कसा?

यात बेकायदेशीर किंवा चोरटं काही नाही. स्वतःच्या कॉम्प्युटरवर हवा तो आयकॉन जरूर लपवा.

विंडोज ११ मध्ये खालच्या टास्कबारवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा आणि 'टास्कबार सेटिंग्ज' उघडा. तिथे 'अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स' असा भाग आहे. त्यात प्रत्येक प्रोग्रामसमोर एक बटण असतं. ते बंद केलं की आयकॉन कोपऱ्यातून निघून वर टोक असलेल्या छोट्या बाणाच्या आत जातो. त्याच यादीत 'हिडन आयकॉन मेन्यू' नावाचं आणखी एक बटण आहे. तेही बंद केलं तर तो बाणच गायब होतो आणि आतले सगळे आयकॉन दिसेनासे होतात. हे दुसरं बटण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

विंडोज १० मध्ये सेटिंग्जमधून 'पर्सनलायझेशन', मग 'टास्कबार' आणि तिथे कोणते आयकॉन दिसावेत ते निवडायचा पर्याय आहे. घड्याळ, आवाज, नेटवर्क यांच्यासाठी वेगळी यादी आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे मात्र विसरू नका. ज्या मशीनवर लोकांचे पैशांचे व्यवहार होतात, ते अपडेट मिळणाऱ्या विंडोजवर हवं.

ॲपलच्या मॅकमध्ये ही रांग वरच्या पट्टीत असते. कमांड की दाबून धरून वायफाय, ब्लूटूथसारखे सिस्टिमचे आयकॉन पट्टीबाहेर ओढून सोडता येतात. बाहेरच्या ॲपचा आयकॉन काढायचा तर बहुतेक वेळा त्या ॲपच्याच सेटिंगमध्ये जावं लागतं.

लिनक्समध्ये केडीई असेल तर सिस्टिम ट्रेवर राइट क्लिक करून सेटिंगमध्ये प्रत्येक आयकॉन 'नेहमी दिसावा' की 'नेहमी लपावा' ते ठरवता येतं.

एवढंच. आता मुख्य मुद्द्याकडे वळू.

मिनिमाइझ करणं, लपवणं, बंद करणं आणि काढून टाकणं

या चार गोष्टी आपण सर्रास एकच समजतो. त्या एक नाहीत.

मिनिमाइझ केलं की प्रोग्रामची खिडकी खाली जाते, प्रोग्राम चालूच राहतो.

आयकॉन लपवला की त्याची खूण जाते, प्रोग्राम चालूच राहतो.

खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की आपल्याला वाटतं आता तरी तो संपला. पण अनेक प्रोग्राम फुली दाबल्यावरही कोपऱ्यात जाऊन बसतात. टोरेंट उतरवणारे प्रोग्राम, चॅटचे प्रोग्राम, क्लाउडवर फाइल चढवणारे प्रोग्राम यांची ही जुनीच सवय. खरंच बंद करायचं तर त्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'एक्झिट' किंवा 'क्विट' निवडावं लागतं. मॅकवरही लाल बटण फक्त खिडकी बंद करतं. ॲप बंद करायला कमांड आणि क्यू या कळा एकत्र दाबाव्या लागतात.

आणि एक्झिट केलं तरी कथा संपत नाही. तो प्रोग्राम 'स्टार्टअप'च्या यादीत असेल, तर उद्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की हा पुन्हा हजर. कायमचा नको असेल तर तो अनइन्स्टॉलच करावा लागतो.

बाजाराच्या भाषेत सांगायचं तर शटर अर्धं ओढणं, पाटी काढणं, रात्री दुकान बंद करणं आणि दुकान कायमचं खाली करणं, एवढा फरक आहे. पाटी काढून "दुकान बंद केलं" असं कुणी म्हणालं तर आपण हसू. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

आयकॉन नसलेला प्रत्येक प्रोग्राम चोर असतो का?

मुळीच नाही. कॉम्प्युटरमध्ये असे कित्येक प्रोग्राम असतात ज्यांना कधीच आयकॉन नसतो. त्यांना 'सर्व्हिस' म्हणतात. तुम्ही प्रिंट काढता तेव्हा कागदांची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' ही अशीच एक सर्व्हिस.

सेवा केंद्रातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे बोटाचा ठसा घेणारं यंत्र. ते छोटं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं असतं आणि मागे 'आरडी सर्व्हिस' नावाचा प्रोग्राम चालू असतो. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस, आधार प्राधिकरणाकडे नोंद असलेलं यंत्र. ही सर्व्हिस बंद पडली की ठसा घेतला जात नाही आणि केंद्रचालक म्हणतो, "काका, थांबा जरा, मशीन बोट घेऊन नाही राह्यली."

या सर्व्हिसचं काम चोरीचं नाही, उलट चोरी थांबवण्याचं आहे. ठशाची माहिती पुढे जाण्याआधी ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, केली जाते, जेणेकरून मधल्या कुणाला ती साठवून पुन्हा वापरता येऊ नये. नव्या 'एल १' दर्जाच्या यंत्रांत हे कुलूप यंत्राच्या आतच लागतं, त्यामुळे ती जुन्यांपेक्षा सुरक्षित मानली जातात.

म्हणजे दिसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रश्न वेगळा विचारायचा: हा प्रोग्राम कुणी टाकला, कशासाठी टाकला, आणि विचारलं तर तो आपली ओळख दाखवतो का?

मराठी टायपिंगवाले हे आधीपासून बघत आलेत!

युनिकोड रुळण्याआधी सरकारी कचेऱ्या, छापखाने आणि डीटीपीच्या दुकानांत मराठी टाइप करायला खास सॉफ्टवेअर लागायचं. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकचं 'आयएसएम' आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं 'श्री-लिपी' ही त्यातली गाजलेली नावं. पन्नाशीतल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा, तो आठवणी सांगेल.

हे सॉफ्टवेअर मागे चालू ठेवायचं. तुम्ही इंग्रजी कीबोर्डवर कळ दाबली की ते ती कळ मधल्या मध्ये पकडायचं आणि तिच्या जागी मराठी अक्षर पुढे पाठवायचं. म्हणजेच तुम्ही दाबलेल्या प्रत्येक कळीवर त्याचं लक्ष असायचं. ते तसं असल्याशिवाय 'क'च्या जागी 'क' उमटलाच नसता.

आता हाच प्रकार जरा उलटा करून बघा. कळ पकडायची, पण तिचं अक्षर न बदलता ती जशीच्या तशी पुढे जाऊ द्यायची आणि सोबत तिची एक नक्कल गुपचूप साठवून ठेवायची. झाला 'कीलॉगर'! तुमचा पासवर्ड, आधार क्रमांक, ओटीपी, सगळं त्याच्या वहीत.

दोन्ही प्रोग्राम कीबोर्डवर कान देऊन बसतात. फरक कशात? टायपिंगचा प्रोग्राम तुम्ही स्वतः टाकता, तो काय करतो ते तुम्हाला माहीत असतं आणि नको तेव्हा तो बंद करता येतो. कीलॉगर दुसऱ्यानेच टाकलेला असतो, आणि तुम्हाला तो दिसू नये यातच त्याचा फायदा असतो.

म्हणून लपवण्याचे दोन प्रकार वेगळे धरा. तुम्ही प्रोग्रामला लपवणं ही सोय. प्रोग्रामने तुमच्यापासून लपणं हा धोका.

लपलेले प्रोग्राम किती महागात पडतात?

पहिलं उदाहरण जगभर गाजलेलं. २००५ साली सोनी बीएमजी कंपनीच्या काही गाण्यांच्या सीडी लोक कॉम्प्युटरवर वाजवायचे, तेव्हा विंडोजमध्ये एक सॉफ्टवेअर शिरायचं. हेतू होता गाण्यांच्या नकला रोखण्याचा. पण ते स्वतःला असं लपवायचं की फाइलींच्या यादीतही दिसायचं नाही. ठरावीक अक्षरांनी नाव सुरू होणारी कोणतीही फाइल ते अदृश्य करायचं. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ही गोष्ट उघड केली. लगेच व्हायरस बनवणाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला: आपल्या फाइलींची नावं त्याच अक्षरांनी सुरू केली की झालं, सोनीचं सॉफ्टवेअरच त्यांना लपवून देत होतं! अखेर कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले आणि १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. कसं झालं हे? एटीएममधून मागणी आली की ती बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाऊन "खात्यात पैसे आहेत का?" असं विचारलं जातं. चोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक बनावट 'स्विच' उभा केला. पैशांची मागणी बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हती, बनावट स्विचच "द्या पैसे" असं उत्तर देत होता.

बँकेच्या यंत्रणेत न दिसणारा प्रोग्राम शिरू शकतो, तर चौकातल्या केंद्रातल्या एकट्या कॉम्प्युटरची काय कथा!

बाभुळगावच्या केंद्रात खरा धोका कुठून येतो?

इथे केंद्रचालकावर बोट दाखवायचं नाही. तो बिचारा स्वतःच अनेकदा बळी ठरतो. धोका साधारण तीन वाटांनी येतो.

पहिली वाट, दूरवरून मदत. ठशाचं यंत्र चालेना, प्रिंटर अडला, की कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "एनीडेस्क घ्या, नंबर सांगा, मी इथून करून देतो." एनीडेस्क, टीमव्ह्यूअर हे चांगले आणि कायदेशीर प्रोग्राम आहेत. यवतमाळहून माणूस बोलावण्यापेक्षा हे स्वस्त आणि झटपट. पण काम झाल्यावर ते काढलं जात नाही. त्यात 'अनअटेंडेड ॲक्सेस'चा पासवर्ड ठेवलेला असेल, तर समोर कुणी 'हो' न म्हणताही बाहेरचा माणूस ते मशीन उघडू शकतो. आणि त्यात कुणी कोपरा स्वच्छ करायला आयकॉन लपवलेला असेल, तर चालकालाही पत्ता लागत नाही की दार उघडं आहे. याच एनीडेस्कचा वापर करून लोकांची खाती रिकामी केली जात आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता.

दुसरी वाट, फुकटचं सॉफ्टवेअर. चोरीचं विंडोज, क्रॅक केलेलं फोटोशॉप, त्यांना चालू करणारे 'ॲक्टिव्हेटर'. ते टाकताना पहिली अट असते, "अँटिव्हायरस बंद करा." म्हणजे राखणदाराला बाहेर पाठवून दार उघडायचं. त्यासोबत आत काय काय आलं, हे कुणालाच कळत नाही.

तिसरी वाट, पेन ड्राइव्ह. दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह त्याच मशीनला लागतात. एकाचा आजार दुसऱ्याला.

पाच मिनिटांत मशीन तपासा

केंद्र तुमचं असो की घरचा कॉम्प्युटर असो, महिन्यातून एकदा एवढं करा.

१. लपलेले आयकॉन बाहेर काढा. घड्याळाशेजारचा बाण दाबा आणि आतला प्रत्येक आयकॉन बघा. बाणच नसेल तर वर सांगितलेलं 'हिडन आयकॉन मेन्यू' बटण सुरू करा. प्रत्येक आयकॉनवर माउस नेला की नाव दिसतं. नाव ओळखीचं नसेल तर लिहून ठेवा.

२. टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. आयकॉन असो वा नसो, इथे चालू असलेल्या प्रोग्रामची यादी मिळते. अनोळखी नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून चालतो ते कळेल. विंडोजचे स्वतःचे प्रोग्राम बहुतेक 'सिस्टिम ३२' फोल्डरमध्ये असतात. विंडोजचं नाव लावून एखादा 'डाउनलोड्स' किंवा 'टेम्प'मधून चालत असेल, तर दाल में कुछ काला है!

एक सूचना: 'सर्व्हिस होस्ट' नावाच्या दहा-वीस नोंदी दिसल्या तर घाबरू नका. ते नेहमीचंच आहे. न कळणारी प्रत्येक गोष्ट बंद करत सुटू नका, नाहीतर विंडोजच अडेल.

३. स्टार्टअपची यादी बघा. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप ॲप्स' आहे. कॉम्प्युटर सुरू होताच कोण कोण जागं होतं ते तिथे दिसतं. गरज नसलेल्यांना 'डिसेबल' करा. मशीनचा वेगही वाढेल.

४. इन्स्टॉल केलेल्या ॲपची यादी बघा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडून तारखेप्रमाणे लावा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तसं काही दिसलं आणि आत्ता लागत नसेल, तर अनइन्स्टॉल करा. पुन्हा लागलं तर पुन्हा टाकायला दोन मिनिटं लागतात.

५. कॅमेरा आणि माइक कुणी वापरला ते बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' भागात अलीकडे कोणत्या ॲपने ते वापरले याची नोंद असते. मॅकवर कॅमेरा चालू असला की हिरवा आणि माइक चालू असला की नारिंगी ठिपका दिसतो.

६. शेवटी पूर्ण स्कॅन करा. विंडोजसोबत येणारं 'विंडोज सिक्युरिटी' अपडेट करून 'फुल स्कॅन' लावा. त्यात ऑफलाइन स्कॅनचाही पर्याय आहे. तो विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी करतो, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणारे प्रोग्रामही सापडण्याची शक्यता वाढते.

खरं सांगायचं तर सोनीच्या प्रकारासारखे पक्के लपणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरमध्येही दिसत नाहीत. तसा संशय असेल तर महत्त्वाच्या फाइली बाजूला काढून विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा उपाय.

दुसऱ्याच्या मशीनवर काम करताय? मग हे करा

ग्राहक म्हणून तुम्ही केंद्रात टास्क मॅनेजर उघडून बसू शकत नाही. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की मागे रांग लागलेली असते. पण काही गोष्टी नक्की तुमच्या हातात आहेत.

ओटीपी आला की आधी मेसेज पूर्ण वाचा. कशासाठी आला, किती रुपयांचा आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. वाचूनच सांगा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला-मुलाला सोबत न्या.

नेटबँकिंगचा पासवर्ड सार्वजनिक कॉम्प्युटरवर टाकूच नका. ब्राउझरची 'इनकॉग्निटो' खिडकी उघडली म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज आहे. ती फक्त हिस्टरी साठवत नाही, कीलॉगरला अडवत नाही.

व्हॉट्सॲप कॉम्प्युटरला जोडून प्रिंट काढली असेल, तर बाहेर पडण्याआधी मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते काढून टाका. कॉम्प्युटरवरची खिडकी बंद केली तरी जोडणी राहते.

आधारची पीडीएफ उतरवली असेल तर काम झाल्यावर ती पुसायला सांगा आणि रिसायकल बिनही रिकामा करायला सांगा. त्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष एवढाच असतो. ओळखीच्या माणसाला तो सहज ओळखता येतो.

आधारवरून पैसे काढत नसाल तेव्हा आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा उघडता येतं.

आणि विचारायला लाजू नका. "भाऊ, माहं काम झालं, आता लॉगआउट करून द्या जी," असं म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. चांगला केंद्रचालक उलट खूश होईल.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लपवून काही टाकलं तर?

काही जण गमतीत, काही संशयापोटी हे करतात. बायकोच्या, मित्राच्या किंवा भागीदाराच्या कॉम्प्युटरवर पाळत ठेवणारा प्रोग्राम टाकायचा आणि आयकॉन लपवायचा. हा खेळ नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, त्यातली माहिती घेणं, घातक प्रोग्राम टाकणं हे गैर आहे आणि नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही वापरली तर कलम ६६ सी वेगळं लागतं.

पैसे गेलेच तर?

पहिलं काम, ताबडतोब १९३० वर फोन. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते, म्हणून मिनिटामिनिटाला महत्त्व आहे. सोबत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची, ना बँकेची, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच तुमच्यावर येतं. पण ओटीपी किंवा पासवर्ड तुम्ही स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतींत उशीर हाच तुमचा शत्रू. "सोमवारी बघू" असं म्हणत बसू नका.

आणि हो, ज्या कॉम्प्युटरवरून प्रकार घडला असं वाटतं, तो लगेच फॉरमॅट करू नका. इंटरनेट काढून ठेवा. पोलिसांना त्यातच पुरावा मिळतो.

थोडक्यात काय?

कोपऱ्यातले आयकॉन लपवा, काही हरकत नाही. फक्त लपवण्याआधी एक प्रश्न विचारा: हा प्रोग्राम मला हवा आहे का? हवा असेल तर लपवा. नको असेल तर लपवू नका, काढून टाका.

आणि ज्या मशीनवर गावातल्या लोकांची कामं होतात, तिथे शक्यतो काहीच लपवू नका. सगळे आयकॉन उघडे राहू द्या. कोपरा थोडा गर्दीचा दिसेल, पण रात्री कुणी दूरवरून आत शिरलं तर त्याची खूण सकाळी नजरेस पडायची शक्यता तरी राहील.

तुमच्या ओळखीत कुणी सेवा केंद्र किंवा नेट कॅफे चालवत असेल, तर हा लेख त्यांना जरूर पाठवा. त्यांचं एक मशीन नीट राहिलं, तर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचं खातं सुरक्षित राहायला मदत होईल.